व्यासपीठ आणि वर्ग

चर्च आणि शिक्षक यांनी मिळून जाहीर धर्मव्याख्याने योजावीत, ही कल्पना महाराष्ट्रास अगदी नवी नव्हे. रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. ते पाद्रीही होते आणि शिक्षकही. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी ग्रंथ लिहिला, विल्सन यांनी छापील उत्तर दिले. दोघेही बरोबरीने उभे होते.

१८३२ साली विल्सन यांनी शाळा काढली. १८३९ मध्ये तेथील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले. अनेक पालकांनी मुले काढून घेतली. भर सभेतील वादाने जो विश्वास तुटला नव्हता, तो वर्गात तुटला. सभेतील श्रोता उलट उत्तर देऊ शकतो. शिक्षकापुढे विद्यार्थ्याला ते बळ नसते.

देहू-आळंदीच्या शेजारी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आज नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसे एकत्र राबतात. येथे चर्च व महाविद्यालय यांनी अशी व्याख्याने योजिली, तर आम्ही त्यांचे स्वागतच करू. मात्र वक्त्याइतकाच मान प्रश्नकर्त्यालाही मिळावा, एवढे या इतिहासावरून आम्हांस सुचवावेसे वाटते.