दगडावरच्या सरळ रेघा

 

आपल्याकडे इतिहास म्हटला की बोलणे खांडक्या बल्लाळशाहाच्या किल्ल्यापासून सुरू होते. आज आपण त्याच्याही फार मागे जाणार आहोत. हा इतिहास कोणा राजाने लिहून घेतलेला नाही. तो दगडावर ओरखडलेला आहे, आणि तो दगड आपल्याच जिल्ह्यातला आहे.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, जरा नैऋत्येकडे, सुमारे १६ किलोमीटरवर पैनगंगेजवळ इरई नावाचे गाव आहे. चंद्रपूरजवळून वाहणारी इरई नदी वेगळी. आपण गावाबद्दल बोलतो आहोत. १८७२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन तिथे पोचले. त्यांना चुनखडकाची मोठी फरशी उघडी पडलेली दिसली. ती घासून गुळगुळीत झालेली होती आणि तिच्यावर सरळ, एकमेकींना समांतर अशा रेघा आणि चऱ्या पडलेल्या होत्या. तिच्यावरच्या थरातले धोंडेही तसेच ओरखडलेले होते.

आता तुम्ही म्हणाल, नदीकाठच्या दगडावर रेघा, त्यात काय नवल? पण विचार करा. वर्धा नदीतले गोटे आपण पाहतोच. पाणी दगडाला लोळवते, सगळीकडून घासते, म्हणून गोटा गोल होतो. पाण्याने सरळ आणि एकाच दिशेच्या रेघा ओढल्या जात नाहीत. आता घरातली धान्याची भरलेली कोठी फरशीवरून ओढून पाहा. तिच्या बुडाखाली दोन-चार खडे अडकले असतील तर फरशीवर तितक्याच रेघा पडतात, आणि कोठी जिकडे ओढली तिकडेच त्या जातात. इरईच्या दगडावर झाले ते असेच. फक्त तिथे कोठी बर्फाची होती.

बर्फ स्वतः मऊ असतो, त्याने दगड कापला जात नाही. पण प्रचंड जाडीचा बर्फाचा थर हळूहळू सरकू लागला की खालचे दगडगोटे त्यात घट्ट अडकतात. वरून बर्फाचे ओझे, खाली चुनखडक. मग ते दगड पाथरवटाच्या टाकीसारखे चालतात. अडकलेला दगडही एका अंगाने घासून सपाट होतो आणि त्याच्यावरही रेघा उमटतात.

ही शंका फेडन यांच्या आधीच निघाली होती. १८५६ साली ओडिशातल्या तालचेर इथे ब्लॅनफर्ड बंधूंना अगदी बारीक मातीच्या थरात मोठमोठे धोंडे रुतलेले सापडले. पूर ओसरल्यावर नदीकाठी काय दिसते ते आठवा. धोंडे एकीकडे, रेती दुसरीकडे, गाळ तिसरीकडे. पाणी सुपासारखे पाखडते. धोंडे आणि बारीक माती एकाच थरात कशी राहिली? ब्लॅनफर्ड म्हणाले, हे बर्फाने आणले असावे, कारण बर्फ काही पाखडत नाही. सगळे एकाच गाठोड्यात बांधून आणतो आणि वितळला की तिथेच टाकतो. पण हिंदुस्थानासारख्या उष्ण देशात बर्फ कुठला, असे म्हणून अनेकांनी शंका घेतली. इरईच्या रेघा सापडल्यावर ती शंका धरून बसणे अवघड झाले. १८७५ साली फेडन यांनी हे सर्व छापून प्रसिद्ध केले.

ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे बर्फ आला कुठून? उत्तर मिळायला बराच काळ गेला. १८७७ साली ऑस्ट्रेलियात हॅलेट कोव्ह या समुद्रकाठच्या जागी अशाच रेघा सापडल्या. दक्षिण आफ्रिकेतही सापडल्या. १९१२ साली जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडले की हे सगळे भूभाग एके काळी एकमेकांना जोडलेले होते आणि पुढे सरकत दूर गेले. त्यांच्या पुराव्यांत या बर्फाच्या खुणाही होत्या. लोकांनी त्यांना हसण्यावारी नेले. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात वेगेनर वारले, आणि १९६० नंतर कुठे जगाने जमिनी सरकतात हे मान्य केले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली ही जमीन दक्षिण ध्रुवाकडे होती. रेघा त्या काळातल्या.

त्या जोडलेल्या भूभागाला जगभर काय म्हणतात, ठाऊक आहे? गोंडवन. आपल्या गोंड राजांच्या मुलखावरून इथल्या खडकांना गोंडवन हे नाव दिले गेले. ते १८७६ साली छापले गेले, आणि १८८५ मध्ये एदुआर्द झ्यूस यांनी ते त्या साऱ्या भूभागाला लावले. आज कुठल्याही देशात भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या पुस्तकात हा शब्द असतो. गोंड घरातल्या आपल्या मैत्रिणींनी हे आपल्या लेकरांना जरूर सांगावे.

बर्फ वितळल्यावर तिथे दलदल झाली, जंगल वाढले. त्यातल्या एका झाडाची पाने जिभेच्या आकाराची होती. त्याला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. ते जंगल गाळाखाली गाडले गेले आणि त्याचा कोळसा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्लारपुरात याच कोळशाची खाण सुरू झाली. वर कोळसा, त्याखाली बर्फाने आणलेले धोंडे, असा हा थरांचा क्रम आहे. आपल्या कित्येक घरांची चूल याच कोळशाच्या कामावर पेटली.

आणि म्हणूनच काळजीही वाटते. कोळशासाठी जमीन खोदली जाते, सिमेंटसाठी चुनखडक फोडला जातो. रोजगार आपल्याला हवाच आहे. पण रेघांची फरशी एकदा सुरुंगात गेली की ती पुन्हा घडवता येत नाही. तिला वाचवायचे तर आधी ती ओळखता आली पाहिजे.

तेव्हा विहीर, शेततळे किंवा रोजगार हमीचे काम चालू असताना एखादा सपाट घासलेला, सरळ समांतर रेघांचा दगड निघाला तर घाईने फोडू नका. जेसीबीच्या दातांची रेघ ताजी आणि पांढुरकी दिसते. जुनी रेघ दगडाच्याच रंगाची असते आणि ओल्या मातीखालूनही निघते. दगड जागचा हलवू नका. शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून मोबाईलवर फोटो काढा, गाव आणि गट नंबर वहीत लिहा. मग शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना आणि ग्रामपंचायतीला सांगा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय नागपूरला आहे. तिथे पत्र पाठवता येते. गटाच्या मासिक बैठकीत हा विषय पाच मिनिटे घ्या.

आपण गटात पैशाची नोंद रुपया-रुपयाने ठेवतो. आपल्या जमिनीचीही एखादी नोंद आपल्या वहीत असू द्या. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.