गाजर गवत आणि आप्पांचा प्रश्न

आमचं गाव आष्टी. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "बीडची आष्टी का?" नाही हो. वर्ध्याचीही नाही, आणि बापू गोखले जिथे पडले ती सोलापूरकडचीही नाही. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून काढून इकडे जोडला, त्यामुळे आप्पांच्या जुन्या कागदांवर अजून परभणीच आहे. असो, नमनालाच घडाभर तेल नको.

तर झालं असं, की आमची कन्या तीन वर्षांची. अंडं पोटात गेलं की पंधरा मिनिटांत तिचे ओठ सुजतात आणि अंगभर पित्त उठतं. गावाकडून आईचा फोनवर सल्ला, "आमसुलाचं पाणी लाव." आम्ही तपासायला नेलं. डॉक्टरांनी टेस्ट केली, अंडं बंद करायला सांगितलं आणि म्हणाले, "फार घाबरू नका. बऱ्याच मुलांची ही ॲलर्जी मोठेपणी आपोआप जाते."

आप्पा तेव्हा पुण्यात आलेले, शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "मग डॉक्टर, माझी कधी जाणार?"

डॉक्टर हसले, मीही हसलो. आप्पा हसले नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं.

आप्पांची ॲलर्जी गाजर गवताची. आमच्याकडे त्याला काँग्रेस गवतच म्हणतात. सुरुवातीला नुसती खाज यायची. पावसाळ्यात खुरपणीच्या दिवसांत पापण्या, मान आणि कोपराच्या आतली बाजू लाल व्हायची. दिवाळीपर्यंत बसायचं. कुणी म्हणालं नायटा, कुणी म्हणालं खतामुळे. मेडिकलमधून ट्यूब आणायची, लावायची, पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. अशी पाच-सहा वर्षं गेली आणि मग एका साली दिवाळी झाली तरी ते गेलंच नाही. आता बारा महिने असतं. मानेची कातडी जाड, काळसर झालीय. उन्हात उभं राहिलं तरी आग होते. शेवटी पुण्यात पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवतात. गाजर गवताच्या पट्टीखाली भलामोठा लाल चट्टा!

म्हणजे एकाच घरात एक ॲलर्जी जायच्या वाटेवर आणि दुसरी मुक्कामाला आलेली. हे असं का? दोन-तीन वीकेंड ह्याच प्रश्नात गेले, त्याचा हा लेखाजोखा.

आधी शब्द बघू. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या बालरोगतज्ज्ञानं बनवला. त्या काळी घटसर्पावर घोड्याच्या रक्तातून काढलेली लस टोचायचे. पिर्के आणि त्याचा सहकारी बेला शिक ह्यांच्या लक्षात आलं, की काही मुलं ती लस दुसऱ्यांदा टोचल्यावर पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात आजारी पडतात. लस तीच, मूलही तेच. मधल्या काळात बदललं होतं ते मुलाचं शरीर. म्हणून त्यानं ग्रीकमधले 'ॲलॉस' म्हणजे वेगळं आणि 'एर्गॉन' म्हणजे काम हे शब्द जोडले. ॲलर्जी म्हणजे बदललेली प्रतिक्रिया. 'वाईट' असं त्यात कुठेच नाही, बदल मात्र नावातच आहे.

आपल्याकडचा 'वावडं' हा शब्द ह्याउलट. त्याला वांग्याचं वावडं आहे म्हटलं की जन्माचा शिक्का बसला. पण आयुर्वेदात 'सात्म्य' अशीही कल्पना आहे, सवयीनं अंगवळणी पडलेलं आणि सोसणारं. म्हणजे अंगाचं आणि बाहेरच्या जगाचं नातं बदलतं, हे आपल्याही जुन्या लोकांना ठाऊक होतं.

आता गवताची गोष्ट, आणि इथे खरी गंमत आहे. ही वनस्पती मूळची मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासची. आमची आजी सांगायची, "बहात्तरच्या दुष्काळात मिलोबरोबर आलं." शिकलेले लोक सांगतात, पीएल-४८०च्या गव्हाबरोबर आलं. दोन्ही गोष्टींत तारखांची अडचण आहे. आर. एस. राव ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात हे गवत सापडल्याची नोंद छापली ती १९५६ साली, दुष्काळाच्या सोळा वर्षं आधी. पीएल-४८०चा भारताशी पहिला करार झाला तोही ऑगस्ट १९५६ मध्येच. गहू बंदरात उतरायच्या आत गवत वाढून, फुलून, नोंद होऊन छापून येणं जरा अवघडच. त्याआधी १९५१ साली अमेरिकेनं गव्हासाठी कर्ज दिलं होतं, तेव्हाच्या धान्यातून आलं असेल तर हिशोब जमतो. शिवाय कलकत्त्याच्या बागेच्या १८१४ सालच्या यादीतही ह्या वनस्पतीचं नाव असल्याचं काही अभ्यासकांनी दाखवलंय. म्हणजे 'काँग्रेस गवत' ह्या नावामागचं राजकारण चविष्ट असलं तरी पुरावा तितका पक्का नाही.

आणि रावांना ते सापडलं कुठे? पुण्यात!

म्हणजे बघा, गवत पुण्यात दिसलं आणि पुढे रुळांच्या कडेनं, रस्त्यांच्या कडेनं, ट्रकच्या चाकांना आणि शेणखताला चिकटून देशभर पसरत आमच्या बांधावर पोचलं. मी आष्टीहून निघून पुण्याला पोचलो. वाटेत कुठेतरी आम्ही एकमेकांना क्रॉस झालो असणार.

माणसांना त्याचा त्रास होतोय हेही पुण्यातच पुढे आलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या परिसरातले रुग्ण तपासून ह्या त्वचारोगावर लिहिलं. रुग्ण कोण? बहुतेक शेतात काम करणारे प्रौढ पुरुष. लहान मुलं जवळजवळ नाहीतच. तोच रुग्ण मला डॉक्टरांच्या खुर्चीवर दिसला होता, पन्नास वर्षांनी.

कारण पार्थेनिन नावाचं रसायन. गवताच्या बारीक लवेत ते असतं. गवत वाळलं की त्याचा भुगा हवेत उडतो आणि पापण्यांवर, मानेवर बसतो. म्हणून गवताला हात न लावताही चेहरा पेटतो. पार्थेनिनचा रेणू इवलासा, तो कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो आणि शरीराला आपलंच प्रथिन परकं वाटायला लागतं. शरीरातल्या टी-पेशी ते लक्षात ठेवतात. ही ओळख पटायला वर्षानुवर्षं जावी लागतात, त्यामुळे रोग चाळिशी-पन्नाशीत उगवतो. आणि एकदा पटलेली ओळख सहसा पुसली जात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ह्या कॅशेला एक्स्पायरी नाही. पुढे पुढे ह्याच कुळातली शेवंतीसुद्धा चालेनाशी होते. आप्पांनी गणपतीत शेवंतीचा हार करणं सोडलं, त्याचं कारण आम्हाला आत्ता कळलं.

मुलीचं प्रकरण वेगळं. तिथे आयजीई नावाची प्रतिपिंडं काम करतात, ती शोधली गेली १९६०च्या दशकात. त्यांचा राग मिनिटांत येतो, पण लहान वयात तो निवळूही शकतो. आतडं मुळात सोसायला शिकणारा अवयव आहे. रोज चार वेळा परकं प्रथिन आत येतं, सगळ्यांशी भांडून कसं चालेल? शरीरात भांडणं मिटवणाऱ्या टी-पेशीही असतात, त्या हळूहळू वरचढ होतात. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची अशी जाते. शेंगदाण्याची मात्र पाचातल्या साधारण एकाचीच जाते. आणि उलटंही होतं, पस्तिशीपर्यंत कोळंबी हाणणाऱ्याला एका संध्याकाळी ती चालेनाशी होते.

ह्या दोन्ही गोष्टी जोडणारा धागा मला लंडनमध्ये सापडला. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला दिला होता, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. मग गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांना दिसलं, की इस्रायलमध्ये तान्ही मुलं शेंगदाण्याचा खाऊ सर्रास खातात, आणि लंडनच्या ज्यू मुलांच्या मानाने त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट कमी आहे. त्यांनी ६४० बाळांवर प्रयोग केला. २०१५ मध्ये निकाल आला. शेंगदाणा टाळलेल्या मुलांपैकी १७ टक्क्यांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, नियमित खाणाऱ्यांत ३ टक्क्यांना. लॅकचं म्हणणं असं, की जी वस्तू तोंडावाटे ओळखीची होते तिच्याशी शरीर जमवून घेतं, आणि जी फाटक्या-तुटक्या कातडीवाटे शिरते तिच्याशी वैर धरतं. (हे वाचून घरी प्रयोग करू नका. ॲलर्जी असलेल्या मुलाला काय, कधी, किती द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं.)

आप्पांच्या अंगात गवत शिरलं ते कातडीतून. मग ते तोंडावाटे दिलं तर? असा प्रयत्न खरंच झालाय. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी २००१ साली त्यावर लिहिलं. गवताचा अर्क थोडा थोडा वाढवत पोटात दिला. काहींना चांगला आराम पडला, काहींचा त्रास वाढला. रोजचा उपचार म्हणून ते काही रुळलं नाही. आज मलमं आहेत, शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आहेत, त्यांच्यासाठी रक्ताच्या तपासण्या आहेत. आणि सगळ्यात वरचा सल्ला म्हणजे, गवतापासून लांब राहा.

इथे माझी गाडी अडकते. अंड्यापासून लांब राहता येतं. फ्रिजमधून काढलं, संपलं. शेतकऱ्यानं शेतापासून लांब कसं राहायचं? आप्पांना म्हटलं, पुण्यालाच राहा. तीन महिने राहिले, थोडा फरकही पडला. पण एका सकाळी फिरायला गेले आणि मान लाल करून परत आले. सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गाजर गवत. जिथे नोंद झाली तिथून ते कशाला जाईल!

१९८४ साली बंगळूरला मेक्सिकोतून आणलेले भुंगे सोडले होते, हे गवत खाणारे. ते पुष्कळ पसरलेत आणि पावसाळ्यात पानं फस्तही करतात. पण एकेक झाड हजारो बिया टाकतं, त्यापुढे भुंगे कमी पडतात. शेवटी फुलं यायच्या आत मुळासकट उपटणं, आणि तेही सगळ्यांनी मिळून उपटणं, ह्याला पर्याय नाही. एकट्याचा बांध साफ करून भागत नाही, वारा शेजाऱ्याच्या बांधावरूनही येतो.

गेल्या महिन्यात आप्पांना फोनवर सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, "पोरीची बहुतेक जाईल. तुमची जाणार नाही आप्पा, पण कमी ठेवता येईल."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मी आपला दर दिवाळीला वाट बघत होतो."

ह्या पावसाळ्यात त्यांनी शेत बटईनं दिलंय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आई म्हणते, तरी संध्याकाळी ऊन उतरलं की पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, तोंडाला उपरणं बांधून रस्त्यापर्यंत जातात आणि तिथूनच कपाशी बघून परत येतात.

पुढच्या शनिवारी आष्टीला चाललोय. शेजारच्या दोन्ही बांधवाल्यांशी बोललोय, तेही येतो म्हणालेत. गवत अजून फुललेलं नाही. मलाही ही ॲलर्जी कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून हातमोजे घेतलेत, चार जोड.