क्रॉमवेलचा हिशेब

इ. स. १६६१ च्या जानेवारीच्या ३० व्या तारखेस लंडनजवळच्या टायबर्न या वधस्थानीं तीन प्रेतें फांसावर चढविण्यांत आलीं. त्यांपैकीं एक ऑलिव्हर क्रॉमवेलचें होतें. त्यास मरून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ज्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत इंग्लंडचे राजे चिरनिद्रा घेतात, तेथेंच त्यास मोठ्या थाटानें पुरलें होतें. आतां तेथून त्याचें शव उकरून काढलें, दिवसभर टांगून ठेविलें, आणि शिर तोडून तें पुढें वेस्टमिन्स्टर हॉलवर खांबास खोंचलें. वीस वर्षांहून अधिक काळ तें तेथें होतें. बारा वर्षांपूर्वीं याच तारखेस राजा पहिला चार्लस याचा शिरच्छेद झाला होता. त्याचा सूड त्याच्या पुत्राच्या राज्यांत असा उगविण्यांत आला.

लोकांनीं ज्यास तारणहार मानिलें, तोच पुढें जुलमी झाला तर त्याजकडून जाब घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न फार जुना आहे. टायबर्नचा प्रसंग पाहून कोणी म्हणेल, ‘घेतला कीं जाब!’ परंतु हा जाब नव्हे. वेळीं जाब घेतला नाहीं म्हणजे त्याची जागा कोणती गोष्ट घेते, याचें हें उदाहरण आहे.

क्रॉमवेलचें थोरपण खोटें नव्हतें. वयाच्या चाळिशीपर्यंत तो हंटिंग्डनकडचा एक साधा जमीनदार होता. त्याचा आतेभाऊ जॉन हॅम्पडेन यानें पार्लमेंटच्या संमतीवांचून बसविलेली जहाजपट्टी देण्याचें नाकारलें. रक्कम अवघी २० शिलिंग. पण खटला असा गाजला कीं, बारा न्यायाधीशांपैकीं पांचांनीं राजाच्या विरुद्ध मत दिलें. लिलबर्न नांवाच्या एका तरुणास निषिद्ध पुस्तकांपायीं फटके मारून तुरुंगांत टाकलें होतें. १६४० च्या नोव्हेंबरांत त्याच्या सुटकेसाठीं पार्लमेंटांत उभा राहिला तो क्रॉमवेलच. पुढें युद्ध जुंपलें. १६४४ सालीं मार्स्टन मूर व १६४५ सालीं नेझ्बी येथें त्यानें राजाच्या सैन्याचा मोड केला. १६४९ सालीं चार्लसवर खटला भरला, तेव्हां मुख्य आरोप असा होता कीं, राजास कायद्याप्रमाणें राज्य करण्यापुरतीच मर्यादित सत्ता सोंपविलेली असतां त्यानें ती मर्यादा ओलांडली. त्याच्या मृत्युपत्रकावर ५९ जणांच्या सह्या आहेत. तिसरी सही क्रॉमवेलची आहे.

याच मापानें आतां पुढील वर्षें मोजून पाहूं. १६५३ च्या एप्रिलच्या २० व्या तारखेस त्यानें शिपाई आणून पार्लमेंटच्या सभासदांना बाहेर काढलें व डिसेंबरांत तो ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. १६५५ सालीं देशाचे विभाग पाडून प्रत्येकावर एकेक सेनापति नेमला, आणि या कारभाराच्या खर्चासाठीं राजपक्षीयांच्या उत्पन्नावर दशमांश कर बसविला. १६५६ च्या पार्लमेंटांतून सुमारें शंभर निवडून आलेल्या सभासदांना बाहेर ठेवण्यांत आलें. जॉर्ज कोनी नांवाच्या व्यापाऱ्यानें, पार्लमेंटनें मंजूर न केलेली जकात आपण देणार नाहीं, असें म्हटलें. हेंच तर हॅम्पडेनचें म्हणणें होतें! पण हॅम्पडेनच्या वकिलांस राजानें न्यायासनापुढें बोलूं दिलें होतें. कोनीच्या तीन वकिलांस प्रोटेक्टरनें टॉवरच्या तुरुंगांत धाडलें. मुख्य न्यायाधीश रोल यांस हा खटला चालविण्यापेक्षां पदत्याग बरा वाटला.

याहून काळें पान आयर्लंडचें आहे. १६४९ च्या सप्टेंबरांत ड्रोहेडा शहर घेतल्यावर त्याच्या सैन्यानें दोनतीन हजार लोक कापून काढले. त्यांत शरण आलेले शिपाई होते, धर्मोपदेशक होते, कांहीं नागरिकही होते. हा ईश्वरी न्याय होय, असें त्यानें स्वतःच पार्लमेंटास लिहून कळविलें. आणि पार्लमेंटनें त्याचे आभार मानले. क्रॉमवेलच्या अधःपाताची सुरुवात शोधावयाची तर ती या आभारांत शोधावी. ज्या सभेनें त्या दिवशीं एक प्रश्नही विचारला नाहीं, तिलाच चार वर्षांनीं शिपायांनीं दरवाजा दाखविला.

आतां टायबर्नच्या फांसाकडे पुन्हा पाहूं. तो ड्रोहेडासाठीं होता काय? मुळींच नाहीं. तो केवळ राजवधाबद्दल होता. आयर्लंडांत कॅथॉलिकांच्या जमिनी हिरावून नव्या धन्यांस दिल्या होत्या. १६६२ च्या कायद्यानें त्यांतील बहुतेक व्यवस्था राजानें कायमच ठेविली. क्रॉमवेलचा सेनापति मंक यानें राजास परत आणलें, म्हणून तो ड्यूक झाला. एकंदरींत, ज्यांवर खरा अन्याय झाला त्यांस कांहींच मिळालें नाहीं, आणि शिक्षा झाली ती हाडांना.

क्रॉमवेलचे कैवारी दोन गोष्टी पुढें करितात. एक, त्या काळीं अराजक माजलें होतें व तो नसता तर देश बुडाला असता. परंतु तो मेल्यावर वर्षाच्या आंतच त्याच्या पुत्राची सत्ता कोसळली. एका पुरुषावर सर्व भार घातल्यानें अराजक टळत नाहीं, तें लांबणीवर पडतें, इतकेंच. दुसरी गोष्ट, जुन्या माणसांस आजच्या फुटपट्टीनें मोजूं नये. हें आम्हांस मान्य आहे. पण वर वापरलेली फुटपट्टी आजची नाहीं, ती क्रॉमवेलनें चार्लसला लावलेली आहे. त्यानें १६५७ सालीं राजमुकुट नाकारला आणि यहुद्यांस इंग्लंडांत राहूं दिलें, हें जमेच्या बाजूस अवश्य मांडावें. पण नेझ्बीच्या विजयाच्या बदल्यांत ड्रोहेडा माफ होत नाहीं, कारण नेझ्बीचें ऋण इंग्लंडचें होतें, आणि ड्रोहेडाचें रक्त दुसऱ्यांचें होतें.

मग खरा जाब कोणी विचारला? १६५३ सालीं त्याच लिलबर्नवर पुन्हा खटला झाला, या वेळीं क्रॉमवेलच्या पक्षाच्या अमदानींत. बाहेर लष्कर असतांना बारा पंचांनीं त्यास निर्दोष ठरविलें. सरकारनें तरीही त्यास सोडलें नाहीं. जर्सी बेटावर कैदेंत ठेविलें. ते बारा पंच, तो कोनी व्यापारी, ते रोल न्यायाधीश यांनीं जिवंत माणसास, ठराविक कृत्याबद्दल, उघड्या न्यायसभेंत प्रश्न केला. त्यांच्या पाठीशीं देश उभा राहता, तर आयर्लंडचे मेलेले परत आले नसते हें खरें. परंतु टायबर्नचें तें बीभत्स नाटकही झालें नसतें.

पार्लमेंटगृहाबाहेर क्रॉमवेलचा पुतळा १८९९ पासून उभा आहे. आयरिश सभासदांच्या विरोधामुळें त्याचा खर्च सरकारास करतां आला नाहीं. तो लॉर्ड रोझबरींनीं स्वतः सोसला. ज्या सभेस त्यानें हांकून दिलें, तिच्याच दारीं त्यास उभें केलें आहे, हें एका अर्थीं योग्यच झालें. त्याचा पुतळा फोडूं नये, आणि त्यास हारही घालूं नयेत. येणाऱ्याजाणाऱ्यानें त्याच्याकडे पाहून दोन्ही बाजूंचे आंकडे वाचावे. वीरास जाब विचारणें म्हणजे त्याचा अपमान करणें, अशी समजूत ज्या देशांत रुजते, त्यास पुढें जाब विचारण्याकरितां प्रेतच तेवढें उरतें.