दोन वर्षं

दोस्तांनो, आधी माझंच सांगतो. पहिली पाळी सुटली, बारामतीच्या स्टँडावर इंदापूरच्या गाडीची वाट बघत होतो. पोरांनी एका तृतीयपंथीयाला घेरलं, पदर ओढला. पोरं आपल्याच वस्तीतली, जयंतीला निळा गुलाल उधळणारी. मी हसलो नाही, पण गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटली म्हणून इतिहास उकरला.

मराठी मुलखात हिजड्यांना पिढीजात हक्क होते. ठरल्या गावांत मागायचं, कुठं इनाम जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या गोऱ्या सरकारनं ते मोडीत काढले. त्यावर रडत बसू नका. मागून खायचा हक्क म्हणजे वतनच, आणि महारवतनानं आपल्या आज्ज्यांच्या गळ्यात काय बांधलं ते आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली त्याच वतनाविरुद्ध मुंबई कौन्सिलात बिल आणलं.

मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पुढं आपल्याकडं पारधी-कैकाड्यांच्या मानगुटीवर बसला तोच. त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. उत्तर हिंदुस्थानात पोलिसांनी त्यांची नोंद केली. नोंदलेला माणूस चारचौघांत बाईच्या वेशात दिसला किंवा नाचला, तर दोन वर्षांपर्यंत कैद.

१९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांबद्दलच्याही, त्यांनी उत्तरं दिली होती. वकील होते बाबासाहेब. खटला हरले, पण उभे राहिले.

आता २०१९ चा तृतीयपंथीयांचा कायदा बघा. मारहाण करा, लैंगिक अत्याचार करा. शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला तेव्हाच कमीत कमी दहा वर्षं होती. २०२४ मध्ये न्याय संहिता लागू झाली. तिनं ३७७ कलम गाळलं आणि बलात्काराच्या कलमात फक्त बाईच धरली.

शहाणे म्हणतात, साधा कायदा आहे की, वेगळा कशाला? हेच आपण १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याबद्दल ऐकत आलो. आणि आपल्या वस्तीतली तृतीयपंथी साडीसाठी मार खाते तेव्हा? ॲट्रॉसिटीत जात बघतात, साडी बघत नाहीत.

हिशेब मांडा. १८७१ ला साडी नेसली म्हणून दोन वर्षं. २०१९ ला तीच साडी फेडली तरी जास्तीत जास्त दोनच वर्षं.

पुढच्या मोर्च्याच्या निवेदनात ही मागणी आपल्या हातानं लिहा. स्टँडावर मात्र निवेदन चालत नाही. तिथं मधे पडावं लागतं.

जय भीम.