प्याद्याला नाव मिळाले तेव्हा

बुद्धिबळाच्या पटावर प्यादे पडले म्हणून कोणी शोक करीत नाही. बाणभट्टाच्या सातव्या शतकातील 'हर्षचरिता'त चतुरंगाचा उल्लेख सापडतो. तेव्हापासून आजवर प्याद्याचे मरण ही हिशेबाचीच बाब राहिली आहे. २० एप्रिल १९९० रोजी जपानात निघालेल्या 'फायर एम्ब्लेम' या पडद्यावरील खेळाने या समजुतीला धक्का दिला, म्हणून त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी तो इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेने रचला. तिच्याच १९८८ च्या 'फॅमिकॉम वॉर्स' या युद्धखेळात पैसा मोजून नवे सैन्य उभे करता येई. शोझो कागा यांनी आळीपाळीने चाल करण्याची रीत कायम ठेवली. परंतु प्रत्येक सोंगटीला नाव, चेहरा आणि पूर्ववृत्त दिले. राज्य गमावलेला राजपुत्र मार्थ एकेक सोबती जोडीत जातो, आणि त्यांपैकी जो रणात पडेल तो कायमचा जातो.

खेळाचे मोठेपण या एका नियमात आहे. मग धनुर्धराला एक घर पुढे सरकवणे हीही जबाबदारी होते. शत्रूकडेही तो निव्वळ लक्ष्य म्हणून पाहू देत नाही. तिसऱ्या प्रकरणात शीडा ही राजकन्या विरुद्ध पक्षाच्या नाबार्ल या तलवारबहाद्दराशी बोलते, तर तो आपल्या बाजूस येतो. उतावळेपणाने त्याला मारले, तर एक उत्तम योद्धा आपणच गमावतो.

दोषही लहान नाहीत. जखमा बऱ्या करणाऱ्या भिक्षुणीला त्या सेवेचा अनुभव म्हणून काहीच पदरात पडत नाही. शत्रूचा मार खाल्ला, तर मात्र पडतो! पातळी वाढली, तरी योद्ध्याचे कोणते गुण वाढतील हे दैवावर सोडलेले असते. परंतु खरा दोष गुणाच्याच पोटी जन्मला आहे. मरण जितके जिव्हारी लागते, तितका खेळाडूचा हात यंत्राच्या कळीकडे वळतो आणि तो तेच प्रकरण पुन्हा आरंभितो. पडलेल्यांच्या जागी नवे सोबती मिळण्याची सोय कागांनी केली होती. तरी पुष्कळांना एकाचाही वियोग सोसवला नाही. अखेर २०१० मधील मालिकेतील खेळात पडलेले योद्धे पुढील प्रकरणात परत येतील, असा सौम्य पर्याय देण्यात आला.

आमच्या मते ही सवलत समजण्यासारखी असली, तरी मूळ कल्पनेला उणेपणा आणणारी आहे. खेळाडू कळ दाबतो, याचा अर्थ त्याला ते मरण खरे वाटले. नियमाची याहून मोठी साक्ष कोणती? इतिहासाच्या ग्रंथांत लढाईच्या वर्णनानंतर मृतांचा आकडा येतो, आणि आपण पान उलटतो. त्या आकड्यामागे प्रत्येकाला एक नाव होते, हे एका जुन्या करमणुकीने शिकवावे, यात तिचे सारे दोष आम्ही क्षम्य मानतो.