सॉलिड स्टेट रिलेचे घराणे

सॉलिड स्टेट रिले विकत घ्यायला गेले की दुकानदार विचारतो: डीसी टू एसी की डीसी टू डीसी, झीरो क्रॉसिंग की रँडम, किती अँपिअरचा? या प्रकारांची यादी पाठ करून फारसे काही हाती लागत नाही. जुन्या चुंबकीय रिलेकडे जे गुण आयते होते ते अर्धवाहकाला एकेक करून कमवावे लागले, आणि प्रत्येक कमाईतून एकेक प्रकार निघाला. हा क्रम ध्यानात आला की यादी आपोआप लागते.

अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५च्या सुमारास लहान विद्युतचुंबकाच्या जोरावर दुसरे, अधिक ताकदीचे मंडल चालू-बंद करून दाखवले. तारायंत्राने ही युक्ती जगभर नेली. कॉइलमधून प्रवाह गेला की पट्टी ओढली जाते आणि कॉन्टॅक्ट मिटतो. एवढ्या साध्या रचनेत तीन गोष्टी फुकट मिळतात. कॉइल आणि कॉन्टॅक्ट विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून अलग राहतात, मिटलेल्या कॉन्टॅक्टमधून प्रवाह दोन्ही दिशांनी जवळपास विनाअडथळा जातो, आणि उघडलेल्या कॉन्टॅक्टच्या मध्ये चक्क हवा असते. खोट आहे ती झिजेत, कारण उघडझापीच्या ठिणगीने कॉन्टॅक्ट जळत जातात. भट्टीचे तापमान राखताना दर दहा सेकंदांना एक उघडझाप धरली, तरी लाखाचा आकडा बारा दिवसांत गाठला जातो.

ही झीज टाळण्याची वाट १९५७मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार झालेल्या एससीआर या अर्धवाहक स्विचने मोकळी केली. गेटला इशारा मिळाला की एससीआर वाहू लागतो, आणि प्रवाह शून्याच्या जवळ येईपर्यंत थांबत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तो ठिणगीशिवाय बंद होतो. पण एससीआर एकाच दिशेने वाहतो, म्हणून दोन एससीआर उलटसुलट जोडावे लागले. पुढे दोन्ही दिशांचे काम एकट्याने करणारा ट्रायॅक आला. तो स्वस्त, पण मोटरसारखा भार बंद करताना डळमळतो. म्हणून मोठ्या रिलेत आजही एससीआरची जोडी दिसते. डीसीत प्रवाह आपणहून शून्यावर येत नाही, म्हणून तिथे ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट लागतो. मॉस्फेटच्या पोटात मुळातच एक डायोड असल्यामुळे एकटा मॉस्फेट एसी अडवू शकत नाही. त्यासाठी दोघे पाठीला पाठ लावून बसवतात.

अलगपणा मिळवणे ही दुसरी कमाई. काही रिलेंत इशारा छोट्या रीड रिलेमार्फत जातो, म्हणजे सॉलिड स्टेट म्हणवणाऱ्या डबीतही एक हलता भाग असतो. काहींत ट्रान्सफॉर्मर असतो. एलईडी आल्यावर मात्र प्रकाशाची वाट रूढ झाली: एका बाजूला एलईडी, समोर प्रकाशसंवेदी अर्धवाहक, मधे निरोधक. मॉस्फेटच्या काही रिलेंत तर त्याच प्रकाशावर इवले सौरघट चालतात आणि गेटला लागणारा दाब तयार करतात.

चालू होण्याचा क्षण निवडता येणे ही जुन्या रिलेकडे नसलेली देणगी. झीरो क्रॉसिंग प्रकार दाब शून्याजवळ येईपर्यंत, फार तर दहा मिलिसेकंद, थांबतो आणि हीटरला धक्का न देता सुरू होतो. मग सगळीकडे तोच का वापरू नये? कारण ट्रान्सफॉर्मरला शून्यावर जोडले तर त्याच्या गाभ्यात चुंबकत्व कमाल साचते आणि प्रवाह उसळतो. शिवाय दिव्याचा प्रकाश कमीजास्त करायला लाटेच्या मधल्या बिंदूवरच सुरू व्हावे लागते. तिथे रँडम प्रकार हवा.

गिऱ्हाइकाला व्होल्ट आणि अँपिअर कळले की पुरे, असा आक्षेप येतो. पण एससीआर किंवा ट्रायॅकचा एसी रिले डीसीवर लावला, तर आकडे जुळूनही तो एकदा चालू झाल्यावर बंद होत नाही. सॉलिड स्टेटने जुन्या रिलेला मागे टाकले, हा दुसरा दावाही अर्धाच खरा आहे. एसी रिले चालू असताना सुमारे सव्वा व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. २५ अँपिअरला त्याची ३० वॅटच्या आसपास उष्णता होते, म्हणून हीटसिंक सक्तीचा ठरतो. बंद असतानाही थोडा लीकेज करंट वाहतो, आणि बिघडला तर तो बहुधा शॉर्ट होऊनच बिघडतो. ठिणगी गेली, झीज गेली. उघड्या कॉन्टॅक्टमधली हवा मात्र कोणत्याही प्रकाराला परत मिळवता आलेली नाही. म्हणून रिले बंद दिसतो एवढ्यावर यंत्राला हात लावू नये. आधी मेन स्विच खाली ओढावा.