वतनसंस्था व श्रमप्रेरणा (कोल्हापूर संस्थान)

निर्वाहाची हमी मिळाल्यास मनुष्य काम करीत राहील काय, हा प्रश्न आधुनिक अर्थशास्त्रात ‘मूलभूत उत्पन्ना’च्या संदर्भात चर्चिला जातो. प्रत्येक नागरिकास कोणतीही अट न घालता ठराविक रक्कम नियमितपणे द्यावी, अशी ही कल्पना आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात तिचा तंतोतंत नमुना आढळत नाही. तथापि वतनसंस्थेत पिढीजात उत्पन्न व काम यांची सांगड निरनिराळ्या प्रकारे घातली गेली. या दृष्टीने कोल्हापूर संस्थानातील १९१८ च्या सुधारणा उद्‌बोधक आहेत.

गावाच्या वा परगण्याच्या सेवेबद्दल वंशपरंपरेने चालणारा हक्क म्हणजे वतन. वतनदारास इनाम जमीन, धान्यरूप हक्क व मानपान मिळे आणि त्याबद्दल त्याने नेमून दिलेले काम करावयाचे असे (→ बलुतेदारी). पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, महार इत्यादींची वतने असली, तरी त्यांचे स्वरूप सारखे नव्हते.

वरिष्ठ वतनांत उत्पन्न कामापासून हळूहळू अलग झाले. वतनाचे वाटेकरी अनेक असत. काम एखादा भाऊबंद किंवा गुमास्ता करी आणि वाटा मात्र सर्वांना मिळे. मुंबई इलाख्यात १८६४ च्या सुमारास झालेल्या गॉर्डन तडजोडीने देशमुख-देशपांड्यांची सेवा माफ झाली व ठराविक जुडी भरून त्यांची वतने पुढे चालू राहिली. अशा प्रकारे विनाश्रम उत्पन्नास सरकारी मान्यता मिळाली. काही घराणी या उत्पन्नावरच राहिली, तर काहींनी त्याच्या आधारे मुलांना शिकवून नोकरी व वकिली यांकडे वळविले.

महार वतनाची स्थिती याच्या उलट होती. हाडकी-हाडोळ्याची जमीन व बलुते यांच्या मोबदल्यात टपाल नेणे, सारा पोहोचविणे, गावची सीमा दाखविणे, अधिकाऱ्यांची सरबराई करणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे वतनदार कुटुंबांना करावी लागत. या कामांना वेळेची मर्यादा नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले. त्यांवर निर्वाह होईना आणि वतनामुळे अन्य उद्योगही मोकळेपणाने करता येईना. म्हणजे येथे हमी होती ती उत्पन्नाची कमी व वेठीची अधिक.

शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. कुलकर्णी वतनदारांनी त्यास तीव्र विरोध केला. त्याच वर्षी महार वतन रद्द करून त्याच्या जमिनी व्यक्तिशः रयतावा करून देण्यात आल्या. जमीन राहिली आणि तिच्यावरील सेवेचे बंधन सुटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारपदांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, तेही याच प्रश्नावर. ते मात्र संमत झाले नाही. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या आणि कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली.

महाराष्ट्राने १९७२ नंतर वेगळा मार्ग अवलंबिला. रोजगार हमी योजनेने, व पुढे तिच्या १९७७ च्या कायद्याने, ग्रामीण भागात मागेल त्यास अंगमेहनतीचे काम देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. येथे हमी कामाची असते. मजुरी काम केल्यावरच मिळते. याउलट, मध्य प्रदेशात २०११ पासून ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने काही खेड्यांत अटीविना मासिक रक्कम देऊन पाहिली. प्रौढांसाठी ती प्रथम २०० रु. होती. तेथे श्रम घटल्याचे आढळले नाही. अनेक कुटुंबे दुसऱ्याकडील मजुरीऐवजी स्वतःच्या शेतीकडे व जनावरांकडे अधिक लक्ष देऊ लागली. मात्र ही रक्कम अल्प व मुदत मर्यादित असल्याने, पूर्ण निर्वाह होईल एवढ्या कायम उत्पन्नाचा परिणाम तीवरून ठरविता येत नाही.

वतनांचा इतिहासही निर्णायक उत्तर देत नाही. त्यातून प्रश्नाची दुसरी बाजू मात्र स्पष्ट होते. हमीमुळे किती काम घटते, याबरोबरच कोणते काम नाकारण्याचे स्वातंत्र्य मिळते, हेही पाहावे लागते. वेठ बंद झाल्याने गावगाड्याची फुकट सेवा घटली. पण तिला श्रमप्रेरणेचा ऱ्हास म्हणता येणार नाही. जे काम गावास खरोखर हवे होते, त्याचे मोल देणे त्यामुळे भाग पडले.